डिफ-लॉक लावा, डोकं लॉक करू नका

गाडी फोर-बाय-फोर असली आणि तिला डिफ-लॉक, म्हणजे एका एक्सलची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरायला लावणारं लॉक, नसलं, तर ती नुसती शोभेची, असं हल्ली छातीठोकपणे सांगितलं जातं. सांगणाऱ्यांत हौशी ऑफरोडर असतात, ॲक्सेसरीजच्या दुकानातले असतात, कधी शोरूममधला पोरगाही असतो. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. साधं, म्हणजे ओपन डिफरन्शियल मुळातच सदोष असतं, कारण ते सगळी ताकद घसरणाऱ्या चाकाला देऊन टाकतं. कंपन्या पैसे वाचवायला ते बसवतात. ब्रेक दाबून घसरतं चाक आवरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा ही त्यावरची रंगसफेदी. आणि लॉक लावलं की पकड वाढते, तेव्हा पावसाळी घाटात लॉकवाली गाडीच सुरक्षित.

या चार विधानांपैकी पहिलं चुकीचं आहे, दुसरं अर्धवट आहे, तिसरं अन्याय करणारं आहे आणि चौथं धोक्याचं आहे. एकेक घेऊ.

त्याआधी विरुद्ध पक्षाचं जे देणं लागतं ते देऊन टाकतो. ओढ्यातल्या गोट्यांवरून किंवा खोल चाकोऱ्यांतून तिरकी चढणारी गाडी एक मागचं आणि त्याच्या तिरक्या बाजूचं पुढचं अशी दोन चाकं उचलते, तेव्हा यांत्रिक लॉकला तोड नाही. फोर्सच्या गुरखाला पुढे आणि मागे दोन्हीकडे लॉक आहे. अशा जागी दोन्ही लॉक लावून ती सावकाश, कुठेही न धडपडता चढते, तेव्हा बाकीच्यांनी बघत राहावं. हे मान्य. आक्षेप आहे तो या एका प्रसंगावरून काढलेल्या सरसकट निष्कर्षांवर.

सगळी ताकद घसरणाऱ्या चाकाला?

गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर दीड मीटर धरलं, तर काटकोनात वळताना हा फरक सुमारे २.४ मीटर भरतो. आंबेनळी घाटातल्यासारखं उलटं फिरवणारं, १८० अंशांचं वळण असेल तर सुमारे ४.७ मीटर. वळण ऐसपैस असो की आवळ, फरक तेवढाच राहतो. फक्त आवळ वळणात तो थोड्या अंतरात भरून काढावा लागतो. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर पक्की बसवली, तर हे पावणेपाच मीटर टायर फरफटूनच कापावे लागणार. ओनेसिफोर पेकर या फ्रेंच माणसाने १८२७ मध्ये डिफरन्शियलचं पेटंट घेतलं ते वाफेवर चालणाऱ्या गाडीची ही अडचण सोडवण्यासाठी. चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू द्यायचं आणि तरी दोघांनाही ओढायला लावायचं, हे त्याचं काम.

गॅरेजमध्ये हे डोळ्यांनी बघता येतं. मागच्या चाकांवर चालणारी गाडी मागून जॅकवर घ्या, पुढच्या चाकांना गुटके लावा, इंजिन बंद ठेवून गिअर टाका आणि एक मागचं चाक हाताने फिरवा. दुसरं चाक आपोआप उलट फिरायला लागतं. डिफरन्शियलचा मोठा गिअर, म्हणजे क्राऊन, जागेवर थांबलेला असतो आणि आतले छोटे स्टार पिनियन दोन्ही बाजूंचे हिशेब जुळवत असतात. चाक हाताला फार जड लागलं किंवा फिरलंच नाही, तर समजावं की आत लॉक किंवा लिमिटेड स्लिप (घसरण मर्यादित करणारं डिफरन्शियल) आहे, नाहीतर काहीतरी अडकलंय.

आता मुद्द्याचं. ओपन डिफरन्शियल वेग वाटेल तसा वाटू देतं, पण टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, मात्र दोन्ही चाकांना समसमान देतं. नेहमी, प्रत्येक क्षणी. घसरणाऱ्या चाकाला जास्त टॉर्क जातो ही समजूत सर्वात पसरलेली आणि सर्वात चुकीची. मधोमध बांधलेल्या जूसारखं हे आहे. एक बैल ढिला पडला की जू तिरकं होतं आणि दुसरा कितीही दणकट असला तरी त्याचा जोर ढिल्या बैलाइतकाच लागू पडतो. चिखलातल्या चाकाला १०० न्यूटन-मीटरपलीकडे टॉर्क पेलवत नसेल, तर दगडावरच्या चाकालाही १०० च मिळतात. गाडीला मिळाले एकूण २००. इंजिन आणखी देऊ शकतं, पण घ्यायला कोणी नाही. म्हणून इंजिन नुसतं घोंघावतं आणि चिखलातलं चाक गरगरतं.

हा फरक पुस्तकी नाही, उपाय त्यावरून ठरतो. सगळी ताकद चुकीच्या चाकाला जाते असं मानलं, तर ती तिथून हिसकावून घ्यायला हवी असं वाटतं. टॉर्क समान वाटला जातो हे कळलं, की दुबळ्या चाकाचा टेकू वाढवला तर दोन्ही चाकांचं उत्पन्न वाढतं हे लक्षात येतं. रस्त्याकडेच्या खड्ड्यात एक चाक लटकलेली रिक्षा आठवा. रिक्षालाही डिफरन्शियल असतं. जाणता रिक्षावाला उतारूंना नुसता धक्का मारायला लावत नाही. त्यातल्या एकाला त्याच चाकाच्या वर, बंपरवर भार द्यायला सांगतो. चाक जमिनीला टेकतं, त्याचा टॉर्क वाढतो, तेवढाच पलीकडच्या चाकालाही मिळतो आणि रिक्षा सुटते. त्याच चाकाखाली गोणपाट किंवा फळी सरकवणाराही हेच करतो.

पैसे वाचवायला बसवलेलं?

स्वस्त आहे, यात वाद नाही. पण ओपन डिफरन्शियल टिकण्याचं कारण तेवढंच नाही. त्यात झिजणारे क्लच नाहीत, खास तेलाचे लाड नाहीत, वळताना खडखड नाही आणि स्टीअरिंगला कुठलाही हट्ट नाही. डांबरी रस्त्यावर दोन्ही चाकांखाली बहुतेक वेळा सारखीच पकड असते, तेव्हा समसमान वाटणी हीच बरोबर वाटणी ठरते. रोज ऑफिसला जाणारी, महिन्यातून एकदा गावी जाणारी गाडी तिच्या आयुष्यातला बहुतेक सगळा काळ अशाच रस्त्यावर काढते.

उलट वाळूचं बघा. कोकणातल्या किनाऱ्यावर हौसेने गाडी उतरवायची आणि भरती यायच्या आत ट्रॅक्टर शोधत फिरायचं, हा प्रकार दर सुट्टीत घडतो. मग "लॉक असतं तर निघाली असती" अशी हळहळ. पण तिथे डाव्या चाकाखाली जी भुसभुशीत वाळू तीच उजव्याखाली. दोन्ही सारखीच दुबळी असताना लॉक वाटणार काय? फार तर दोन्ही चाकं मिळून आणखी खोल खड्डा खणतील. तिथे उपयोगी पडतं ते टायरमधली हवा कमी करणं आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय हलका ठेवणं. आणि खरं म्हणजे, किनाऱ्यावर गाडी न नेणं.

ब्रेकवाली यंत्रणा म्हणजे रंगसफेदी?

मारुतीच्या जिमनीत घसरतं चाक ब्रेकने आवरणारी यंत्रणा आहे. महिंद्राच्या थारच्या काही प्रकारांतही ती आहे. लॉकवाल्यांचा सगळा राग हिच्यावर. "हे कसलं लॉक, हे तर सॉफ्टवेअर," असं हिणवलं जातं.

हिणवणाऱ्यांनी एकदा ट्रॅक्टरवर बसावं. ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या मागच्या चाकाचे ब्रेक पेडल वेगवेगळे असतात. ते मुख्यतः शेताच्या टोकाला चटकन वळण्यासाठी. पण एक चाक चिखलात फिरायला लागलं, तर त्याच बाजूचा ब्रेक हलकेच दाबून पलीकडच्या चाकाला ओढायला लावायची युक्ती ट्रॅक्टरवाल्याला ठाऊक असते. ब्रेकने त्या चाकाला टेकू दिला, समान वाटणीचा नियम तोच राहिला, आणि दुसऱ्या चाकाचा वाटा वाढला. गाडीतली यंत्रणा शब्दशः हेच करते, फक्त पायाऐवजी सेन्सर आणि व्हॉल्व्ह. आपल्याकडे २०१९ पासून नव्या प्रवासी गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे, म्हणजे प्रत्येक चाकाचा वेग मोजणारे सेन्सर आलेच. त्यावर थोडी भर घातली की हे काम होतं.

हिशेबही मांडू. चिखलातल्या चाकाला पुन्हा १०० न्यूटन-मीटरच पेलतात असं धरू. यंत्रणेने त्या चाकावर ४०० चा ब्रेक लावला. आता डिफरन्शियल दोन्हीकडे ५०० देऊ शकतं: चिखलाकडच्या ५०० पैकी ४०० ब्रेक खातो, १०० चिखलाला, दगडावरच्या चाकाला पूर्ण ५००. गाडीला लागू पडले ६००. ओपन असताना २०० होते. तिप्पट झाले, आणि हे नुसत्या कागदावर नव्हे.

किंमतही याच हिशेबात दिसते. इंजिनकडून घेतले १,०००, कामाला आले ६००, उरलेले ४०० ब्रेकच्या चकतीत उष्णता होऊन गेले. खरंखुरं लॉक असतं तर सगळे १,००० कामाला आले असते: १०० चिखलाला, ९०० दगडावरच्या चाकाला, ते पेलत असेल तर. शिवाय ब्रेकवाली यंत्रणा चाक आधी घसरू देते, मग ओळखते, मग आवरते. म्हणून दगडांवर सावकाश चढताना ती धक्के देत चढते, आणि बराच वेळ राबवली तर तापून काम थांबवते. दर शनिवार-रविवार दगड-गोट्यांत घालवणाऱ्याने खरं लॉक घ्यावं, बरोबर आहे. पण वर्षातून दोन-चार वेळा गावच्या निसरड्या वाटेवर अडणाऱ्याला "तुझ्या गाडीत काहीच नाही" असं सांगणं ही शुद्ध दिशाभूल आहे.

आणि आता घाटातलं लॉक

इथे मात्र बोलणं गंभीर होतं, कारण इथे टायर झिजण्यापुरतं नुकसान राहत नाही.

मूळ गोष्ट अशी की कुठलंही डिफरन्शियल पकड तयार करत नाही. पकड टायर आणि जमीन यांच्यात असते. डिफरन्शियल ती कशी वापरायची ते ठरवतं. आणि टायरच्या पकडीला एकूण मर्यादा असते. पुढे ढकलण्यासाठी ती जितकी खर्च होते, तितकी बाजूला धरून ठेवण्यासाठी कमी उरते. चाक गरगर फिरायला लागलं, की त्याची बाजूची पकड जवळजवळ संपलीच.

आता ओल्या वळणावर आत-बाहेरच्या चाकांचं काय होतं ते बघा. ओपन डिफरन्शियलच्या गाडीत जास्त ॲक्सिलरेटर दिला तर आतलं, हलकं झालेलं चाक घसरतं. गाडीचा जोर तिथेच थांबतो. चालकाला वाटतं गाडी कमकुवत. पण बाहेरचं चाक अजून जमीन धरून आहे, म्हणून मागचा भाग जागेवर आहे. ज्याला दोष म्हणतात तो इथे जामीन राहतो. मागचा एक्सल लॉक असेल तर दोन गोष्टी होतात. वळणात शिरताना दोन्ही मागची चाकं एकाच वेगाने फिरायचा हट्ट धरतात, गाडीला सरळ रेटतात, आणि पुढची चाकं वळवूनही गाडी बाहेर ओढते. त्यावर चालकाने घाबरून किंवा जोशात ॲक्सिलरेटर दिला, की दोन्ही मागची चाकं एकदमच पकड सोडतात आणि शेपूट बाहेर जाते. आधी दरीकडे नाक, मग दरीकडे शेपूट.

कोकणात घराकडे उतरणाऱ्या जांभ्याच्या वाटा बघितल्या असतील. श्रावणात त्यांवर शेवाळ, आणि वाट बहुतेकदा एका बाजूला कललेली. अशा कललेल्या चढावर ओपन गाडी एक चाक फिरवत अडते, पण दुसऱ्या चाकाने धरून राहते. लॉक लावून जोर दिला तर दोन्ही चाकं फिरतात आणि गाडीचं मागचं अंग उताराच्या बाजूला, गडग्याकडे सरकायला लागतं. अशा जागी मुरलेला चालक लॉक लावतो तो थांबून, चाकं सरळ ठेवून, अगदी कमी जोरात, आणि काम झालं की लगेच काढतो. "निसरडं आहे, लॉक लाव" हा सल्ला त्याने कधीच दिलेला नसतो.

लॉक बनवणाऱ्यांनाही हे ठाऊक आहे. थारच्या मागच्या एक्सलला मिळणारं ईटन कंपनीचं यांत्रिक लॉक दोन चाकांच्या वेगात मिनिटाला साधारण १०० फेऱ्यांचा फरक पडला की आपोआप लागतं, आणि ताशी ३० किलोमीटरच्या आसपासच्या वेगापुढे लागतच नाही. ज्यांनी ते घडवलं त्यांनीच त्याला वेगात काम करायची बंदी घातली आहे. ट्रॅक्टरच्या डिफ-लॉकचं पेडल टाचेखाली असतं; पाय काढला आणि चाकांवरचा ताण गेला की ते सुटतं. लॉक लावून वळू नये, हे ट्रॅक्टर शिकताना पहिल्याच दिवशी सांगतात. शेतात पाळला जाणारा हा नियम फोर-बाय-फोर घेतल्यावर कुठे जातो?

असाच घोळ फोर-व्हील ड्राइव्हबाबत. थार, जिमनी, गुरखा यांच्यात पुढच्या आणि मागच्या एक्सलच्या मधे डिफरन्शियल नसतं. फोर-हाय टाकलं की पुढचा आणि मागचा दांडा एकमेकांशी पक्के जोडले जातात. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा फेरा घेतात. तो फरक चिखलात घसरून निभावतो, डांबरावर निभावत नाही. म्हणून आवळ वळणात गाडी आखडते, स्टीअरिंग जड होतं, ट्रान्सफर केसमध्ये ताण साठतो. आणि थांबण्याचं म्हणाल, तर ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांना असतात. फोर-बाय-फोर गाडी लवकर निघते. लवकर थांबत नाही.

मग लिमिटेड स्लिप?

लॉकला पर्याय म्हणून लगेच हे नाव पुढे येतं: "एलएसडी टाका, गाडी रुळावर चालल्यासारखी वळेल." हे तंत्र रेसिंगने मोठं केलं. १९३० च्या दशकात ऑटो युनियनच्या १६ सिलिंडरच्या गाडीत जोर इतका होता की एक मागचं चाक मोठ्या वेगातही फिरत राहायचं. त्यावर फर्डिनांड पोर्श यांनी झेडएफ कंपनीकडून घसरण मर्यादित करणारं डिफरन्शियल बनवून घेतलं. म्हणजे आजार होता जास्त जोराचा. ज्या गाडीचा जोर वळणात आतलं चाक फिरवण्याइतका नाहीच, तिला हे औषध कशाला?

बरं, लिमिटेड स्लिप ही एक वस्तू नाही. क्लच-पट्ट्यांचं डिफरन्शियल जोर दिला की आवळतं; काही प्रकार ॲक्सिलरेटर सोडल्यावरही आवळलेले राहतात, म्हणजे ब्रेक मारत वळणात शिरताना गाडी स्थिर राहते पण वळायला नाखूश होते. सिलिकॉन द्रवावर चालणारं डिफरन्शियल चाक फिरल्यानंतर जागं होतं, आणि वयानुसार मंद पडतं. तिरक्या दात्यांचं, टॉर्सन जातीचं डिफरन्शियल सर्वात गुळगुळीत. म्हणूनच होंडा सिव्हिक टाइप आरसारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या जोरदार गाडीला ते बसवतात. तिथे लॉक बसवलं असतं तर स्टीअरिंग हातातून हिसकलं गेलं असतं. पण हे डिफरन्शियल दणकट चाकाला दुबळ्या चाकाच्या टॉर्कच्या ठरावीक पटीइतकाच टॉर्क देऊ शकतं. तिप्पट देणारं असेल तर १०० वाल्या चिखलात दगडावरच्या चाकाला ३०० मिळतील. चाक हवेत असेल तर? शून्याची तिप्पट शून्य. अमेरिकन सैन्याच्या हमवीत अशीच डिफरन्शियल आहेत, आणि चाक उचललं की चालकाने ॲक्सिलरेटरसोबत ब्रेकही हलका दाबायचा, असं त्यांना शिकवलं जातं. म्हणजे नावाजलेल्या यांत्रिक डिफरन्शियललाही शेवटी ज्याला रंगसफेदी म्हणून हिणवलं त्याच ब्रेकची मदत लागते.

याच्या दुसऱ्या टोकाला गो-कार्ट. तिला डिफरन्शियलच नाही, मागचा दांडा एकसंध. ती वळते कारण स्टीअरिंगची रचनाच अशी असते की वळवलं की आतलं मागचं चाक जरासं उचललं जावं. कार्टला ते परवडतं. गाडीत म्हातारी माणसं आणि सामान घेऊन गणपतीला गावी जाणाऱ्याला परवडत नाही.

थोडक्यात, प्रत्येक प्रकार एका हाताने देतो आणि दुसऱ्या हाताने घेतो. ओपन मोकळं वळू देतं, पण दुबळ्या चाकाच्या बरोबरीने अडतं. लॉक अडत नाही, पण वळू देत नाही आणि घसरलं तर दोन्ही चाकांनी घसरतं. ब्रेकवाली यंत्रणा दोन्हींतलं थोडं देते आणि उष्णतेत फेडते. लिमिटेड स्लिप वळणात जोर पोचवतं, पण चाक हवेत गेलं की त्याचं गणित संपतं. यांतलं एक "खरं" आणि बाकीची "खोटी" असं म्हणणाऱ्याला एकतर एकच रस्ता माहीत असतो किंवा एकच वस्तू विकायची असते.

ज्यांना पावसाळ्याची खरंच काळजी आहे, त्यांनी आधी टायर बघावेत. खाचांची खोली १.६ मिलिमीटरवर आली की कायद्यानेही तो टायर संपला. पण ओल्या रस्त्यावर पाणी बाजूला सारायची त्याची ताकद त्याच्या बरीच आधी गेलेली असते. गुळगुळीत टायरवर चाललेल्या गाडीला हजारो रुपयांचं लॉक बसवणारे लोक आपल्याकडे आहेत, आणि तसं बसवून देणारी दुकानंही आहेत. त्या दुकानात शिरण्याआधी स्वतःला एवढंच विचारा: माझी डावी आणि उजवी चाकं वर्षभरात किती वेळा अगदी वेगवेगळ्या पकडीवर असतात, आणि तेव्हा मी सरळ जात असतो की वळत? पहिल्याचं उत्तर "बरेचदा" आणि दुसऱ्याचं "सरळ, सावकाश" असेल तर लॉक खुशाल घ्या. नसेल, तर ते पैसे टायरवर खर्च करा. घाटात उपयोगी पडतील ते टायरच.